जमीन कुणाचीही असो, मत आपलंच

हार्बर लाईनवर रे रोडला उतरून दारूखान्याकडे निघालं की भंगाराची गोदामं, जहाजं तोडायच्या जागा आणि त्यांना चिकटून असलेल्या वस्त्या दिसतात. बरीचशी जमीन पोर्ट ट्रस्टची. अशा वस्त्यांत मतदार यादीचा विषय निघाला की एक शंका हमखास येते : "घरच आपल्या नावावर नाही, मग यादीत नाव कसं लागणार?"

हा समज चुकीचा आहे आणि आपल्याला तो महाग पडतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात अट आहे ती त्या मतदारसंघात 'सर्वसाधारणपणे राहण्याची', मालकीची नाही. उलट घर मालकीचं आहे एवढ्यावरून कुणी रहिवासी ठरत नाही, असं कायदाच सांगतो. फुटपाथवर राहणाऱ्याचंही नाव लागू शकतं. पत्त्याचा कागद नसेल, तर अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो माणूस तिथेच झोपतो का ते पाहायचं, असा निवडणूक आयोगाचाच नियम आहे.

मग अडतं कुठे? कायद्यात नाही, वाटेत. बीएलओ बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. त्यांना स्वतःची नोकरी सांभाळून घरोघर फिरायचं असतं, आणि ते येतात तेव्हा घरची माणसं कामावर असतात. त्यात नावांचा घोळ. एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शैख'. लग्नाआधीचं नाव एक, नंतरचं दुसरं. बायकांचं नुकसान यात जास्त. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख महिलांची नावं गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं.

आज हा विषय तातडीचा आहे. बिहारमध्ये २०२५ साली विशेष सखोल पुनरीक्षण झालं. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली. ती नावं कारणांसह जाहीर करा, असा आदेश सुप्रीम कोर्टाला द्यावा लागला. पहिल्या दोन टप्प्यांत महाराष्ट्र नव्हता, पण म्हणून गाफील राहणं परवडणारं नाही.

घाबरायचंही कारण नाही. १९९५ च्या लाल बाबू हुसेन खटल्यात मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांचाच प्रश्न होता. ज्याचं नाव आधीच यादीत आहे, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय आणि त्याचे पुरावे पाहिल्याशिवाय नाव काढता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने बजावलं.

इतर देशांनी वाट सोपी केली आहे. चिलीमध्ये २०१२ पासून अठरा वर्षं पूर्ण झाली की नाव आपोआप लागतं. दक्षिण आफ्रिकेत निवडणुकीआधी शनिवार-रविवारी खास नोंदणी केंद्रं उघडतात. आपल्याकडेही वर्षातून एकच तारीख होती, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत. सुधारणा होते ती अशी. पुढची मागणी साधी आहे : रे रोडसारख्या कष्टकरी वस्त्यांत नोंदणीची शिबिरं रविवारी आणि रात्री आठनंतर लावा.

तोवर आपलं काम आपण करू या. नवीन नावासाठी फॉर्म ६. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही तो आधीच भरता येतो. पत्ता बदलला असेल किंवा नावात चूक असेल तर फॉर्म ८. कोकणात गावी आणि मुंबईत, दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्याने चालत नाही. जिथे राहता तिथेच ठेवा. चौकशीसाठी १९५० हा नंबर आहे.

मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी आणि मशिदींच्या ट्रस्टींनी मनावर घेतलं, तर जुम्म्याच्या नमाजनंतर तासभर मोबाईल घेऊन बसणं अवघड नाही. सुरुवात घरापासून करा. आज रात्री जेवण झालं की अम्मीचं, बायकोचं, सुनेचं नाव यादीत शोधा. मतदानाच्या दिवशी शोधलं, तर फार उशीर झालेला असतो.