पुढे काय होणार, हे लेखकाला ठाऊक असते काय?

दूरचित्रवाणी मालिका रोज कोण लिहितो, कशी लिहितो आणि पुढे काय होणार हे त्याला आधीपासून ठाऊक असते काय, हे तीन प्रश्न मराठीच्या वर्गात कोणी विचारले की बहुधा हशा पिकतो. विचारणारी मुलगी ‘मालिका पाहणारी’ ठरते, आणि मालिका पाहणाऱ्याला साहित्याची जाण असू शकत नाही हा आपल्या विद्याक्षेत्रातला एक अलिखित नियम आहे. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. हे तिन्ही प्रश्न साहित्यशास्त्राचे आहेत. ते चाहत्याच्या तोंडून आले, एवढाच त्यांचा अपराध.

तिसरा प्रश्नच आधी घेऊ. ॲरिस्टॉटलचे आदि-मध्य-अंत आणि भरताच्या पाच संधी आपण वर्षानुवर्षे शिकवतो. दोहोंत संपूर्ण झालेली कृती गृहीत आहे. अंत जिथे ठरलेलाच नाही, तिथे रचना कशी करायची, याबद्दल आपण विद्यार्थ्यांना काय सांगतो? वास्तविक मराठी कादंबरीचा पायाच असल्या लेखनावर उभा आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. अंक वेळेवर निघायचा म्हणजे प्रकरणही वेळेवर तयार हवे. त्यांच्या काही सामाजिक कादंबऱ्या तर अपूर्णच राहिल्या. आज आपण हरिभाऊंना बांधीव पुस्तकांत वाचतो आणि त्यांच्या ‘पाल्हाळा’वर गुण वजा करतो, पण तो पाल्हाळ आणि आठवड्याची मुदत यांचा संबंध काय, हे कितीजण तपासतात? त्याही मागे गेलो तर ताहाराबादचे महिपती भेटतात. ‘भक्तविजया’चे (१७६२) सत्तावन्न अध्याय ऐकणारा श्रोता आज उठून उद्या परत येणार आहे, हे पोथीकाराला पक्के ठाऊक असते. अध्यायाच्या शेवटी पुढच्या कथेची चाहूल द्यायची ही पोथ्यांची रीत आणि आजच्या मालिकावाल्यांचा ‘हूक’ यांतले नाते सांगायला कोणी परकीय सिद्धान्तकार यायची वाट पाहायची काय?

आता ‘कशी’ या प्रश्नाकडे. श्रेयनामावली डोळसपणे वाचली तरी पुष्कळ कळते. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. त्यांच्या वर निर्मितिसंस्था आणि वाहिनीची ‘क्रिएटिव्ह’ मंडळी. आधी काही आठवड्यांच्या कथानकाचा ‘ट्रॅक’ ठरतो, त्यातून भागांची ‘वन लाइन’, त्यातून दृश्यांची विभागणी आणि सर्वांत शेवटी संवाद. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता हाती बावीसेक मिनिटे उरतात. म्हणून दर विश्रांतीपूर्वी एक गाठ मारावी लागते. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात (२०१५पासून ते ‘बार्क’ देते) आणि आकडे घसरले की ठरलेला ट्रॅक मोडतो. नटाच्या तारखा मिळाल्या नाहीत की पात्र परगावी जाते. सारा नटसंच आणि सजवलेला सेट एकदा हाताशी आला की लग्न आठवडाभर लांबते. पात्रे मनातले मोठ्याने बोलतात, कारण प्रेक्षकांतले अनेकजण त्या वेळी पोळ्या लाटत मालिका ‘ऐकत’ असतात. यातल्या प्रत्येक गोष्टीला आपण ‘बटबटीतपणा’ हा एकच शब्द वापरून मोकळे होतो. तो निकाल आहे. त्याला समीक्षा म्हणता येणार नाही.

येथे आक्षेप येईल की कचऱ्याचे कसले शास्त्र! मालिका थोर असतात असा आमचा दावा मुळीच नाही. बहुतेक सुमार असतात आणि काही अपायकारकही. परंतु सुमार का, हे सांगता आले पाहिजे. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे ३,०००हून अधिक भाग झाले. २००७ साली सुरू झालेल्या ‘असंभव’मध्ये लेखक चिन्मय मांडलेकर यांना पूर्वजन्म आणि वर्तमान असे दोन काळ एकमेकांत गुंतवायचे होते. संपण्याची घाई नसलेली कथा आणि रहस्य उलगडल्याखेरीज जिला संपताच येत नाही अशी कथा, या दोहोंचे शिल्प एकच असेल काय? ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) मालवणीत बोलली, त्याच वर्षीच्या ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापुरी वळण उचलले. बोलींवर प्रबंध लिहून घेणाऱ्या विभागांना या बोलीलेखनातले खरे-खोटे तपासावेसे वाटत नाही, याचे नवल वाटते.

‘उपयोजित मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत मालिकालेखन आहे की, असे कोणी म्हणेल. आहे, पण कसे? स्वरूप, वैशिष्ट्ये, महत्त्व. मूळ पटकथेचे एक पानही विद्यार्थ्याला न दाखवता त्याच्याकडून पटकथालेखनाची दहा वैशिष्ट्ये पाठ करून घ्यायची, हा पोहण्यावरचा लेखी पेपर झाला.

हे सारे आम्ही पुणतांब्याच्या परिसरात बसून का म्हणत आहोत, तेही सांगतो. या गावाच्या ग्रामसभेतून उभा राहिलेला शेतकरी संप १ जून २०१७ रोजी सुरू झाला आणि कॅमेरे गावात आले. रस्त्यावर ओतलेल्या दुधाची दृश्ये पुनःपुन्हा दिसली. दुधाला भाव काय मिळतो हे त्या मानाने फारच कमी दिसले. कोणते दृश्य घ्यायचे, कोणते गाळायचे, कशाची पुनरावृत्ती करायची, हे कोणीतरी ठरवत असते. बातमीच्या पडद्यामागे जसा निवडणारा हात आहे तसाच मालिकेच्या पडद्यामागेही आहे. ज्या मुलीने आपले गाव पडद्यावर असे पाहिले, तिने सायंकाळच्या मालिकेकडे पाहून ‘हे कोण ठरवतं?’ असे विचारले, तर तिला हसणाऱ्या अध्यापकापेक्षा ती अधिक जागी आहे. मालिकेतल्या घराला शेती का नसते, कर्ज का नसते, ही पात्रे पोट कशावर भरतात, हे तिचे पुढचे प्रश्न असतील. त्या प्रश्नांना हसणे म्हणजे एका वाचकाला जन्मण्यापूर्वीच घरी पाठवणे होय.

लेखकाचेही काही देणे आहे. २०१२ च्या प्रताधिकार कायद्यातील दुरुस्तीने पटकथालेखकाचा मानधनापलीकडचा स्वामित्वधनावरील हक्क मान्य केला. कायद्याने जे नाव ओळखले ते समीक्षेने अजून ओळखलेले नाही. मालिका नटांच्या नावाने स्मरणात राहते. ‘चिमणराव’ म्हटले की दिलीप प्रभावळकर आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण चिं. वि. जोशींच्या कथांचे भाग पाडताना काय वगळले, काय जोडले, हे ज्यावरून तपासता येईल त्या संहिता कोणत्या विभागाने मागवून ठेवल्या?

आमची मागणी माफक आहे. प्रत्येक विद्यापीठाच्या मराठी विभागाने लेखकांकडून आणि निर्मितिसंस्थांकडून निवडक मालिकांच्या मूळ संहिता मागाव्यात, जपाव्यात आणि वाचायला खुल्या कराव्यात. पदव्युत्तर वर्गात एक भाग त्याच्या वन लाइनपासून चित्रित रूपापर्यंत तुलनेने शिकवावा. ‘करमणूक’चे अंक आणि मालिकेचे भाग शेजारी ठेवून क्रमशः लेखनावर एक तरी प्रबंध व्हावा.

पुणतांब्याला गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानदेवांना मायना काय लिहावा हे कळेना, म्हणून त्यांनी कोरे पत्र धाडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कोरेपणात प्रामाणिक पेच होता, म्हणून त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर मिळाले. मालिकेविषयी मराठी विभागांनी गेली चाळीस-पन्नास वर्षे जो कागद कोरा ठेवला आहे, त्यात असा कोणताही पेच नाही. विद्यार्थी मात्र प्रश्न लिहूनच पाठवीत आहेत. त्यांना उत्तर देण्याइतका अभ्यास करणे हे आपले काम आहे, आणि त्यासाठी आधी संध्याकाळी एक भाग नीट, हातात वही घेऊन, पाहावा लागेल.