दोन इमारतींमधली जागा

दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि त्यांना लागून असलेलं माटुंगा. इथल्या दुसऱ्या महायुद्धाआधीच्या घरांचा विषय निघाला की कौतुक सुरू होतं ते आतून: उंच छत, रंगीत नक्षीच्या लाद्या, सागवानी दारं, रस्त्याकडे उघडणारी गॅलरी. कौतुक रास्तच आहे. पण ही घरं प्रशस्त वाटतात आणि लेकुरवाळ्या कुटुंबांना तिथून हलावंसं वाटत नाही, याचं मोठं श्रेय इमारतींच्या मधे सोडलेल्या जागेला जातं, असं माझं ठाम मत आहे. जुन्या इमारती पाडून नव्या बांधताना आज आपण नेमकी तीच जागा गमावत चाललो आहोत.

ही मोकळी जागा कुणाच्या हौसेतून आलेली नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमध्ये माणसं मेली. त्यानंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या योजनेत ट्रस्टने आधी रस्ते आखले, मग भूखंड पाडले आणि घरं त्यानंतर उभी राहिली. उजेडासाठी ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आग्रहाने मांडला. भूमितीची भाषा बाजूला ठेवली तर त्याचा अर्थ सोपा आहे: समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल तर तुमच्या खिडकीपासून ती निदान वीस फूट लांब हवी. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडालाही आकाश दिसायला हवं, हा त्यामागचा विचार. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचेरजी जोशींनी पारशी मध्यमवर्गासाठी इथे भूखंड राखून घेतले आणि रस्तोरस्ती झाडं लावली. इथल्या पाच उद्यानांना त्यांचं नाव आहे ते उगाच नाही. पुढे 1937 मध्ये रुईया महाविद्यालय आलं, पाठोपाठ पोदार आलं. बालवर्गापासून पदवीपर्यंतचं शिक्षण पायी जाता येईल इतक्या अंतरात होऊ लागलं.

तळमजला आणि वर दोन-तीन मजले, एवढ्या उंचीचा आणखी एक फायदा सहसा मोजला जात नाही. गॅलरीतून खाली खेळणारं मूल ओळखू येतं आणि हाक मारली तर त्याला ऐकू जाते. स्वयंपाक करता करता आई किंवा आजी लक्ष ठेवू शकते. त्यासाठी वेगळा माणूस, वेगळी वेळ लागत नाही. विसाव्या मजल्यावर हे संपतं. तिथल्या मुलाला खेळायचं तर लिफ्ट, सोबतीला मोठं माणूस आणि पार्किंगच्या मजल्यांवरचं पोडियम लागतं. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 33(7) खाली तीन किंवा त्याहून जास्त चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट किंवा अधिक बांधकाम करता येतं, आणि लहान भूखंडावर तो बसवण्यासाठी बाजूच्या मोकळ्या जागेत सवलत दिली जाते. घर आतून वाढतं आणि खिडकीसमोर शेजारची भिंत येते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठली, घरमालकांनी डागडुजी सोडली, गळक्या छताखाली राहणाऱ्या भाडेकरूला जुन्या नियोजनाचं कौतुक काय ऐकवायचं? त्याला पक्कं घर मिळालंच पाहिजे, यात वादच नाही. पण इमारत जीर्ण झाली म्हणून दोन इमारतींमधलं अंतर जीर्ण होत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: या वसाहती जात, धर्म आणि ऐपत पाहून वसल्या. हे खरं आहे आणि ते झाकू नये. डॉ. आंबेडकरांनी ग्रंथसंग्रहासाठी ‘राजगृह’ बांधलं ते याच हिंदू कॉलनीत. ते तिथे उभं आहे म्हणून वसाहतीची दारं सगळ्यांना उघडी होती असं ठरत नाही. माझ्या मते यातून निघतं ते इतकंच, की उजेड आणि अंगण मूठभरांपुरतं राहिलं हा अन्याय होता. सगळ्यांचाच उजेड काढून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

राहिला घरांच्या तुटवड्याचा प्रश्न. ट्रस्टचं सूत्र उंचीला बंदी घालत नाही, उंचीच्या प्रमाणात अंतर मागतं. एकेका भूखंडावर सुटा टॉवर उभारून ते साधणार नाही. त्यासाठी चार-सहा भूखंड एकत्र यावे लागतील. समूह पुनर्विकासाची 33(9) ही तरतूद आहेच. तिच्यातल्या वाढीव चटईक्षेत्राला अंतराची सक्त अट जोडायला हवी. आणि सोसायटीच्या सभेत बिल्डर कार्पेट एरियाचा आकडा सांगेल तेव्हा रहिवाशांनी दुसराही आकडा मागावा, करारात लिहून घ्यावा: सगळ्यात खालच्या घराच्या खिडकीपासून समोरची भिंत किती फुटांवर असेल?