प्रवासाचेही संस्कार हवेत

15 जून 2025 रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांना प्राण गमवावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, 30 जून 2024 रोजी, लोणावळ्यात भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर मनाई आदेश निघतात, चार दिवस हळहळ व्यक्त होते आणि पुढच्या रविवारी घाट पुन्हा वाहनांनी तुंबतात. प्रशासनाच्या उणिवांची चर्चा झालीच पाहिजे. पण गाडी चालवायला शिकलेल्या तरुणाला प्रवास करायला कोणी शिकवले, हा प्रश्न घराने आणि शाळेने स्वतःला विचारायचा आहे.

बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुकचेच उदाहरण घ्यावे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने आणि सहकारी साखर कारखान्याने या परिसराला समृद्धी दिली. त्या समृद्धीबरोबर दहावीच्या निकालाचे बक्षीस म्हणून मुलाच्या हाती दुचाकी देण्याची रीतही ऊसपट्ट्यात रुजली. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला 3 वर्षांपर्यंत कारावास व 25 हजार रुपये दंड, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात 2019 साली झाली. तरीही बाप कौतुकाने किल्ली देतो. कायदा मोडण्याचा पहिला धडा अशा रीतीने घरातच गिरवला जातो. मग हाच मुलगा पुढे धोक्याचा फलक पाहून थांबेल, ही अपेक्षा कशाच्या आधारे करायची?

वस्तुतः प्रवासाचे उत्तम शिक्षण या भूमीत परंपरेनेच उपलब्ध आहे. दरवर्षी आषाढीला तुकोबारायांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते. दिंडीत रांग मोडत नाही, मुक्कामाच्या गावाचा मान राखला जातो आणि सहप्रवाशाला 'माउली' म्हटले जाते. आजीचे बोट धरून चार कोस चाललेल्या मुलाला सहप्रवाशाची काळजी वेगळी शिकवावी लागत नाही. सुपे आणि इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीतील. त्यांच्या पुत्राने मावळच्या दऱ्याखोऱ्या बालवयातच पायांखाली घातल्या आणि पुढे त्याच डोंगरांच्या बळावर स्वराज्य उभे केले. जुलै 2025 मध्ये राजगड, रायगड, शिवनेरी यांसह 12 दुर्गांना जागतिक वारसा स्थळांचा दर्जा मिळाला. त्याच दुर्गांच्या तटांवर नावे कोरणारे हात कोणत्या ना कोणत्या शाळेतच अक्षरे गिरवून आलेले असतात.

शालेय सहलींचे स्वरूपही तपासले पाहिजे. एस.टी. महामंडळ शालेय सहलींना भाड्यात 50 टक्के सवलत देते, ती विद्यार्थ्यांनी देश पाहावा म्हणून. पण अनेक सहली जलक्रीडा उद्यानाच्या दारातच संपतात. दुसरीकडे, अपघाताच्या धास्तीने काही शाळा सहलच रद्द करतात. ही भीती समजण्यासारखी असली तरी, शिक्षकांच्या देखरेखीखाली जो प्रवास शिकला नाही, तो अठराव्या वर्षी मित्रांच्या टोळक्यात देखरेखीविना शिकतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात 10 दिवस दप्तराविना शिक्षणाची कल्पना मांडली आहे. माळेगावच्या मुलांनी त्यांतील एक दिवस कालव्याच्या उगमाकडे, वीर धरणाकडे जावे; आपल्या उसाचे पाणी कोठून येते ते पाहावे. एक दिवस नीरा आणि भीमा यांच्या संगमावर, नीरा नरसिंहपूरला जावे. आणि एक दिवस गावाच्या शिवेवरील ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपर्यंत चालत जावे. तेथे त्यांना आपल्याच वयाची मुले भेटतील, जी दर हंगामात आईबापांमागे शाळा सोडून, शेकडो किलोमीटरचा प्रवास करून येतात. ज्याला एकाची मौज ही दुसऱ्याची वणवण असते हे कळले, तो तरुण कोणत्याही गावी गेला तरी तेथील माणसांचा विचार आधी करील.

असे दिवस घडवायला मोठा निधी लागत नाही. मुलाबरोबर चालण्याची मोठ्यांची तयारी लागते. दुचाकीची किल्ली हाती देण्यापूर्वी मुलाला चार वाटा आपल्यासोबत चालवून आणणे, हे पालक आणि शिक्षक या दोघांचेही कर्तव्य आहे. पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता त्याचा आरंभ व्हावा.