वेदनारहित काविळीचा इशारा

17 मार्च 2019 रोजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे वयाच्या 63 व्या वर्षी निधन झाले आणि स्वादुपिंडाचा कर्करोग हे शब्द गोव्यातील घराघरांत पोहोचले. फेब्रुवारी 2018 मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयात ते दाखल झाले, तेथून निधनापर्यंत जेमतेम तेरा महिन्यांचा काळ गेला. या काळात अमेरिकेत आणि दिल्लीच्या एम्समध्ये त्यांच्यावर उपचार झाले. आजाराचे नाव मात्र 27 ऑक्टोबर 2018 रोजी आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी सांगितले, तेव्हाच अधिकृतपणे कळले. नाकात नळी असताना मांडवीवरील नव्या पुलाची पाहणी करणारे आणि 30 जानेवारी 2019 रोजी अर्थसंकल्प मांडणारे पर्रीकर गोमंतकीयांच्या स्मरणात आहेत. त्यांच्या जिद्दीची चर्चा पुष्कळ झाली. आजाराची समज मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.

देशविदेशातील उत्तमोत्तम उपचार उपलब्ध असूनही हा रोग आटोक्यात का येत नाही, याचे उत्तर त्याच्या जागेत आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेले असते. पचनाला लागणारे रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन तेथे तयार होते. तेथील गाठ हाताला लागत नाही आणि सुरुवातीला त्रासही देत नाही. लक्षणे दिसेपर्यंत ती लगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढते किंवा यकृतात पसरते. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करता येईल अशा अवस्थेतील रुग्ण शंभरात पंधरा ते वीसच असतात. निरोगी माणसांची सरसकट चाळणी करून हा रोग हेरता येईल, अशी चाचणीही अद्याप नाही.

म्हणूनच लक्षणांचे भान मोलाचे ठरते. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात असेल तर पित्तनलिका दाबली जाते आणि पोटात न दुखता कावीळ होते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके आणि अंगाला खाज ही तिची खूण. पाठीकडे जाणारी पोटदुखी, कारणाविना घटणारे वजन आणि पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह यांकडेही दुर्लक्ष नको. अशा प्रत्येक रुग्णाला कर्करोग असतोच असे नाही; पण तपासणी टाळण्यासारखी स्थिती ती खचितच नव्हे.

डिचोली तालुक्यात दोडामार्गच्या सीमेलगत असलेल्या लाटंबार्सेसारख्या गावात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. कावीळ म्हटले की झाडपाल्याचे औषध आणि पथ्य, ही आपल्याकडील जुनी रीत. विषाणूजन्य कावीळ बहुधा आपोआप ओसरते आणि श्रेय औषधाला मिळते. पित्तनलिका अडल्याने झालेली कावीळ मात्र ओसरत नाही, वाढत जाते. आणि पथ्यात गेलेले आठवडे शस्त्रक्रियेची संधी हिरावून नेऊ शकतात. उतारवयातील माणसाची कावीळ असेल तर डिचोलीचे आरोग्य केंद्र गाठून रक्ततपासणी आणि सोनोग्राफी आधी करून घ्यावी. पुढील सीटी स्कॅन व तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी बांबोळीचे गोमेकॉ आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड घरी असल्यास ते सोबत न्यावे.

उपचारांचे चित्र पूर्वीइतके निराशाजनक राहिलेले नाही. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा अंश काढून उरलेले भाग पुन्हा जोडतात. ती अवघड असल्याने जेथे अशा शस्त्रक्रिया नित्य होतात, तेथेच ती करवून घेणे श्रेयस्कर. त्यानंतर केमोथेरपी लागते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर अनेक औषधांचा एकत्रित केमो घेतलेल्या रुग्णांचे मध्यमान आयुष्य सुमारे 54 महिने आढळले; एकाच औषधावरील रुग्णांचे 35. हा केमो सोसण्याइतकी प्रकृती धडधाकट असावी लागते, हेही खरे.

शस्त्रक्रिया शक्य नसली तरी वैद्यकाचे काम संपत नाही. पित्तनलिकेत स्टेंट बसवून कावीळ उतरवता येते, पाचकरसांच्या कॅप्सूलांनी अन्न अंगी लागते, मॉर्फिनसारख्या औषधांनी वेदना शमवता येतात. हे उपचार मागणे म्हणजे हार मानणे नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे.

तंबाखू आणि धूम्रपान सोडणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि ज्यांच्या रक्ताच्या नात्यात हा रोग झाला आहे त्यांनी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगणे, एवढे आपल्या हाती आहे. शासनाकडून अपेक्षा आहे ती गावागावांतील आरोग्यसेविकांना या लक्षणांची नेमकी माहिती देण्याची. पर्रीकरांना मिळाले ते उपचार प्रत्येकाला मिळतीलच असे नाही. वेळीच निदान मात्र लाटंबार्सेच्या रुग्णालाही मिळायला हवे.