वाफेचे सोंग आणि वारशाचे सत्त्व

माथेरानच्या छोट्या गाडीच्या डिझेल इंजिनावर वाफेच्या इंजिनाचा साज चढविण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा पुष्कळांना आनंद झाला. तो अनाठायी नव्हता. परंतु वारसा धुराड्यात असतो की प्रवासात, हा प्रश्न त्यानिमित्ताने विचारावयास हवा.

सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने 1904 साली सुरू झालेले काम 1907 मध्ये पुरे झाले. दोन फूट रुंदीचा रूळमार्ग, सुमारे 21 किलोमीटरची वाट, वीस फुटांमागे एक फूट इतकी चढण! जर्मनीत घडविलेल्या इंजिनांचे आस वळणाबरोबर बाजूस सरकत, म्हणूनच ती हा घाट चढू शकली. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी वाफेचा कारभार संपला; मार्ग मात्र राहिला. 2005 च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला आणि 2007 मध्ये पुन्हा उभा राहिला. 2019 मध्ये खचला, तो थेट ऑक्टोबर 2022 मध्ये पूर्ववत झाला.

ही गाडी मध्यमवर्गीयांची आहे. घाटकोपर-मुलुंडच्या कुटुंबाने सकाळी कर्जतची लोकल धरावी, अंधेरी-बोरिवलीकरांनी दादरला गाडी बदलावी, दशम्यांचा डबा नेरळला उघडावा, इतकी ती जवळची. पण नेरळहून वर जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या, डबे थोडे. जागा न मिळालेले कुटुंब टॅक्सीने दस्तुरी गाठते आणि अमन लॉजपासूनच्या शेवटच्या टप्प्यावर समाधान मानते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, तो चिमुकला बोगदा हे सारे मुलांना दिसतच नाही. पावसाळ्यात घाटातील गाडी बंद असते, हे समजण्यासारखे आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत जादा फेऱ्या का नसाव्यात, हे मात्र समजत नाही.

खऱ्या वाफेचे आकर्षण आम्हासही आहे. दार्जिलिंग आणि निलगिरी येथे खरी वाफेची इंजिने आजही धावतात. वेल्समधील तालिथ्लिन येथील छोटी रेल्वे 1951 पासून हौशी स्वयंसेवकांच्या श्रमावर चालली आहे. आपल्याकडेही निवृत्त रेल्वे कारागीर आणि तंत्रनिकेतनांचे विद्यार्थी यांच्या साहाय्याने एखादे इंजिन वर्षातून काही दिवस तरी खऱ्या वाफेवर चालविता येणार नाही काय? त्यातून मुलांना यंत्र कळेल आणि जुनी विद्याही टिकेल.

तोवर सोंगास आमची हरकत नाही. मात्र त्या सोंगामागच्या डब्यात कारकुनाच्या कुटुंबाला परवडणाऱ्या दरात बसावयास जागा मिळाली पाहिजे. ती न मिळाल्यास हा वारसा केवळ छायाचित्रापुरता उरेल.