नाक वर केलेली गाडी

 

गेल्या शनिवारी गावी गेलो होतो. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-धाराशिव हायवेपासून थोडं आत. घरापुढच्या मोकळ्या जागेत चुलतभावाची एसयूव्ही पुढची दोन्ही चाकं काढून उभी. जॅकखाली शहाबादी फरशीचा तुकडा, फरशीखाली आमची काळी माती आणि गाडीखाली दादा. शेजारी खाटेवर मोबाईल, त्यात एक अमेरिकन गडी हातात काळी चकती घेऊन हसतोय.

"काय करायलायस दादा?"

"लेव्हलिंग किट. दोन इंच. नाक वर येतंय बघ आता."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बहुतेक एसयूव्ही आणि पिकअप नव्या असताना मागून किंचित उंच, पुढून किंचित खाली असतात. चुकून नव्हे. मागे माणसं बसली, माल भरला की मागची बाजू दबते आणि गाडी सपाट होते, तो हिशोब डिझायनरने आधीच केलेला असतो. अमेरिकेत पिकअप रिकामीच फिरवणाऱ्यांना हा उतार डोळ्याला खुपायला लागला. मग पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर चकती बसवून नाक वर आणायची टूम निघाली. व्हिडिओतून ती आता आमच्या गावात पोचली. इंटरनेटचा असाही एक फायदा :-)

घरी काम करण्याला माझा विरोध नाही, हे आधीच लिहून ठेवतो. ऑइल बदला, एअर फिल्टर बदला, जमत असेल तर ब्रेक पॅड बदला. मीही करतो. पण सस्पेन्शनला हात घालणं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी थेट प्रॉडक्शनवर कोड चढवण्यासारखं आहे. आम्ही निदान रोलबॅक तरी करतो.

दादाचा पाना नेमका कुठे होता माहिती आहे? शॉकअपच्या वर कडेला तीन नट असतात, ते सोडवायचे. मध्ये एक नट असतो, त्याला अजिबात हात लावायचा नाही, कारण दाबलेली स्प्रिंग त्या एका नटाने धरलेली असते. एका पुढच्या चाकावर पाचशे किलोच्या आसपास भार पेलणारी ती स्प्रिंग. तो नट निघाला की स्प्रिंग वरची प्लेट घेऊन उडते, आणि समोर तोंड असेल तर तोंडावर येते. दादाचा पाना मधल्या नटावर होता. मी ओरडलो. त्यावर "अरे, तो व्हिडिओ जरा फास्ट फॉरवर्ड केला होता," असं उत्तर. घोडी लावलेली नव्हतीच. पावसाळ्यात काळ्या मातीत जॅक कसा खचतो हे मी आमच्याच माणसांना काय सांगू?

तरी किट बसलं. चकती इंचभरच जाडीची, पण शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर असतो आणि चाक टोकाला, त्यामुळे वर एक इंच ढकललं की चाकापाशी जवळपास दोन इंच मिळतात. त्याच हिशोबाने आर्मचा कोन बदलतो, बॉल जॉइंट वाकड्या कोनात काम करतो, फोर बाय फोर असेल तर अॅक्सलच्या सांध्यांनाही तेच भोगावं लागतं. कॅम्बर, कॅस्टर, टो तिन्ही हलतात. म्हणजे अलाइनमेंट लगेच करायला हवी. ती "सोमवारी बघू". दादाने मात्र गाडी लांबून न्याहाळली, तीन फोटो काढले, स्टेटसला टाकले.

इथवर मी गप्प बसलो असतो. त्याची गाडी, त्याचा बॉल जॉइंट, त्याचा खर्च. पण दिव्यांचं काय? आता थोडं गणित आहे, कंटाळू नका, शाळेतलंच आहे.

समजा हेडलाइट जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे. डिपर लाइट सुमारे एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर खाली. ५० मीटरवर त्या प्रकाशाची वरची कड रस्त्यापासून ४० सेंटिमीटरवर येते, साधारण गुडघ्याजवळ. आता पुढची बाजू ५ सेंटिमीटर उचलली. दोन चाकांमधलं अंतर २.७५ मीटर धरलं तर पूर्ण गाडी, दिव्यांसकट, १.८ टक्के वर वळली. एक टक्का खाली पाहणारा दिवा आता पाऊण टक्क्याहून जास्त वर पाहतो. त्याच ५० मीटरवर प्रकाशाची कड १३५ सेंटिमीटरवर! मोटरसायकलवाल्याचे डोळे साधारण तिथेच असतात. डिपर मारूनही अप्परच.

शनिवारी रात्रीची गोष्ट. आण्णांची विहिरीवरची लाईट या आठवड्यात रात्रपाळीची होती. मोटर चालू करायला ते मोटरसायकलवरून निघाले. वय बासष्ट, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. समोरून दादा नवी उंची मिरवत आला. आण्णांना काही दिसेना, गाडी साइडपट्टीवरून खाली गेली आणि ते बाभळीत. गुडघा खरचटला, मनगट सुजलं. दादाने गाडी थांबवली तेव्हा त्याला कळलं की आपला चुलता पडलाय. आण्णा उठून त्याला म्हणाले, "डिपर तरी मारायचास की रे." तो म्हणाला, "आण्णा, डिपरच होता."

मला या वाक्याचा राग आहे. दादाचा नाही.

आमच्या रस्त्यावर रात्री कोण असतं बघा. उसाचा हंगाम सुरू झाला की मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या. नवरात्राच्या आदल्या रात्री तुळजापुराहून ज्योत घेऊन पळत गावी निघालेली पोरं, अनवाणी, रस्त्याच्या कडेने. कोजागिरीला सोलापूरकडून पायी येणारी माणसं. यातल्या कुणी दादाला किट बसवायला सांगितलं नव्हतं.

समर्थनं ठरलेली आहेत. पहिलं, "आपले रस्ते खराब, ग्राउंड क्लिअरन्स लागतो." अरे बाबा, मागच्या अॅक्सलचा गोळा जिथे होता तिथेच आहे! आधी दगडाला तोच लागायचा, आताही तोच लागणार. बांधावर चढताना पुढचा बंपर थोडा कमी घासेल, एवढं मान्य. त्यासाठी जाड टायरसुद्धा नको, बांधावर हळू चढलं तरी भागतं. दुसरं, "आरसीवर पुढची उंची कुठे लिहिलेली असते?" नसते, खरं आहे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ कंपनीच्या तपशिलापासून गाडी बदलू देत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. चकती त्यात बसते की नाही यावर वकील भांडू देत. आण्णा बाभळीत पडले ते कलम वाचून नाही पडले.

तिसरं समर्थन जरा बरं आहे, "हेडलाइट स्क्रूने खाली करता येतो." येतो की. म्हणून रविवारी संध्याकाळी मी दादाला जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीसमोर घेऊन गेलो. दहा मीटर मोजले, खडूने दिव्याच्या उंचीची रेघ मारली. प्रकाशाची कड रेघेच्या वर. दादा काही बोलला नाही. स्क्रू फिरवून आम्ही ती रेघेच्या १० सेंटिमीटर खाली आणली. दादा खूष. मग मी सोयाबीनचे चार कट्टे आणून मागे टाकायला लावले. चुलती आणि पोरांना मागच्या सीटवर बसवलं, म्हणजे लग्नाला जाताना असते तशी गाडी. कड हळूहळू चढत पुन्हा रेघेच्या वर गेली. पूर्वी हाच भार पडला की गाडी सपाट व्हायची, आता नाक आभाळाकडे. उजव्या बाजूला डॅशबोर्डवर दिवे खाली करायचं चाक असतं, शून्य ते तीन. ते कशासाठी आहे हे दादाला चार वर्षांत माहीत नव्हतं. ते तीनवर नेलं तेव्हा कड कशीबशी रेघेला टेकली.

"मग काढायचं का?" मी विचारलं.

"बघू. फोटोला लई लाइक आल्यात."

रात्रीच्या गाडीने पुण्याला परत आलो. आज सकाळी आईचा फोन होता. मनगटाची सूज उतरली आहे. चकत्या अजून गाडीतच आहेत, आणि मंगळवारपासून आण्णांची पुन्हा रात्रीची लाईट आहे.