शिवून घ्या

सूट म्हटला की आमच्या पुरोगामी मित्रांच्या कपाळाला आठ्या. परवा एका शिबिरात एक खादीवाला आमच्या पोरांना सांगत होता, कोट ही साहेबाची नक्कल आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीला साधे कपडे शोभतात. त्याच्या अंगात कडक इस्त्रीचा झब्बा. आजा वकील, बाप प्रोफेसर. तीन पिढ्या कोट वापरून झाला, आता ह्यांना त्याचा कंटाळा आलाय. आमचं आत्ता कुठं सुरू होतंय, तर म्हणे साधे राहा! साधं राहायचं आम्हाला ह्यांच्या बापजाद्यांनी शिकवलंच होतं की. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचा पोशाख लिहून ठेवलाय: मढ्यावरची वस्त्रं आणि लोखंडाचे दागिने. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळलं. त्याच दिवसांत, तिथंच बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, की जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, ते गळ्याहातातले कथलाचे दागिने टाकून द्या. आणि १९३१ साली लंडनला गोलमेज परिषदेत गांधी पंचावर बसले, बाबासाहेब सुटात बसले. गांधींना पंचा परवडत होता. बॅरिस्टरानं पंचा नेसला की तो महात्मा होतो. महारानं नेसला की तो महारच राहतो.

तेव्हा घालायचा का नाही हा वाद मी इथंच संपवतो. घालायचा. माझं भांडण पुढचं आहे आणि ते आपल्याच पोरांशी आहे.

दोस्तांनो, तुम्ही सूट घेता कुठनं? जयंतीच्या आधी चार दिवस मॉलमध्ये जाता, हप्त्यावर रेडिमेड उचलता. खांदे लोंबतात, बाही बोटांपर्यंत येते, गळ्याच्या मागं कॉलर उभी राहते. पुतळ्याच्या कोटाला फिटिंग लागत नाही, माणसाच्या कोटाला लागतं. रेडिमेडवाला एका मधल्या अंगाचा ठोकळा धरून हजार कोट कापतो. आपलं अंग त्या ठोकळ्याचं नाही. हमाली करून एका बाजूचा खांदा खाली गेलाय, ओझ्यानं पाठ वाकलीय, लहानपणी पोटाला कमी पडलं म्हणून छाती बसलीय. मापाचा मास्तर लागतो तो ह्यासाठी. तो टेप टाकण्याआधी तुला उभा करून बघतो, कुठला खांदा खाली आहे ते वहीत लिहितो आणि त्या बाजूला कापड तसं कापतो. आपल्या कष्टाचा असा हिशेब ठेवणारी दुसरी वही मला तरी माहीत नाही.

आपल्या भाषेत शिवणं म्हंजे टाका घालणं, आणि शिवणं म्हंजे स्पर्श करणं. दोन्हीला एकच शब्द. मापाचा धंदा हा अंगाला हात लावायचा धंदा आहे आणि म्हणून तो ह्या देशात कधीच सरळ नव्हता. आमच्या गावचा शिंपी माझ्या बापाच्या अंगाला टेप लावत नसे. जुना सदरा आण म्हणायचा. तो सदरा लांबनं काठीनं पसरायचा आणि डोळ्यानं माप घ्यायचा. बापाचा प्रत्येक सदरा त्यामुळं आधीच्या सदऱ्याएवढाच चुकलेला. ही फक्त माझ्या गावची रड आहे असं कुणी समजू नये. २००१-०२ मध्ये ११ राज्यांतल्या ५६५ खेड्यांत अस्पृश्यतेची पाहणी झाली, तिच्यात न्हावी-धोब्याच्या जोडीनं शिंप्याचीही नोंद आहे. म्हणून मी म्हणतो, पहिली परीक्षा टेपची. मास्तर बगलेत हात घालून, छातीला टेप गुंडाळून, मांडीच्या आतनं माप घेतो का? का बोटाच्या टोकानं टेप धरून उरकतो? उरकत असेल तर उठा आणि बाहेर या. दुकान केवढं नावाजलेलं असेना.

दुसरी परीक्षा ट्रायलची. कच्च्या धाग्यानं, पांढरे टाके दिसतायत असा अर्धा कोट तुमच्या अंगावर चढवून बघितला पाहिजे. एकदा नव्हे, दोनदा. लंडनच्या सॅव्हिल रोवर जो कोट मापानं शिवतात त्याला हाताचं किमान ५० तासांचं काम लागतं आणि किंमत काही हजार पौंड. तेवढं आपल्याला झेपणार नाही, पण रीत तीच आहे आणि ती आपल्या गल्लीतल्या मास्तरालाही येते. मागणारं गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून तो करत नाही. खांदा आधी बघा, खांदा चुकला तर नंतर दुरुस्त होत नाही. छातीच्या आत कॅनव्हास टाक्यांनी बसवलाय का गोंदाचं पेस्टिंग केलंय? खालच्या बटणाजवळ कापड चिमटीत धरा, दोन पदरांच्या मधे तिसरा पदर सुटा हाताला लागला तर कॅनव्हास. पेस्टिंगचा कोट दोन पावसाळ्यांत फुगे धरतो. शिवणीत माया किती ठेवलीय विचारा. बोटभर माया असेल तर पोट सुटल्यावर कोट उसवून वाढतो, आणि पुढं मागं पोरालाही होतो. कापड स्वतः घ्या, मंगळदास मार्केटला किंवा तुमच्या शहरात जिथं ठोक मिळतं तिथं. आपल्या उन्हाला टेरीकॉट नको, भट्टी होते, पातळ लोकर घ्या. एवढं जमतं.

आता बुटाकडे येतो, कारण खरी गोम तिथं आहे.

सुटाचं कौतुक करताना शिंप्याचं नाव निघतं, 'मास्तर' म्हणून तरी निघतं. बुटाला नाव कंपनीचं. तो केला कुणी? आग्र्याला जा. हिंग की मंडीला बूट विकले जातात, ते जाटव वस्त्यांतल्या घराघरांत तयार होतात. व्यापारी पैशाच्या जागी पर्ची द्यायचा, महिन्यांनी वटणारी. कारागिराला संध्याकाळचं पीठ आणायचं असतं, म्हणून तो ती दलालाला कमी पैशात विकायचा. कातडं कापणारा, शिवणारा आपला, आणि पर्चीवरचा नफा तिसऱ्याचा. कलकत्त्याला कातड्याच्या धंद्यात हाक्का चिनी पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण सवर्णांना कातड्याला हात लावायचा नव्हता. हात लावायचा नव्हता, पण पायात घालायचं होतं!

आणि आपलं कोल्हापूर. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात पिकवलेलं कातडं, खिळा नाही, वादीनं शिवण. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे ४ आणि कर्नाटकाचे ४ जिल्हे. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल नाव न घेता चालवली. बोंब झाली तेव्हा मूळ कबूल केलं. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, सुमारे ८०० युरोला एक असे २,००० जोड. त्या वेळी किती जणांचा अभिमान उतू गेला! 'आपली संस्कृती' म्हणे. इटलीच्या हातानं धरली तर हस्तकला, चांभाराच्या हातात आहे तोवर विटाळ. २०१५ च्या गोवंश कायद्यानं बैलाचं कातडं बंद झालं तेव्हा ही संस्कृतीवाली मंडळी कुठं होती? ११ जुलै २०१६ ला उनात मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा चपलेचा अभिमान कुणाच्या पायात होता?

पण त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. तुमचं काय? कंपनीचा बूट छापील किंमतीला मुकाट घेता. स्टेशनाबाहेर बसलेल्या म्हाताऱ्याशी सोल शिवायच्या दहा रुपयांवरनं हुज्जत घालता, वर 'ए चांभार' म्हणता. मामा म्हणायला जीभ अडते? तो गणपती बसवतो, तो आपल्याबरोबर दीक्षेला आला नाही, हे मला सांगू नका. महार-चांभार हा भेद बाबासाहेबांनी केलेला नाही. जात ही नुसती कामाची नाही, काम करणाऱ्या माणसांचीही विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं. आपण ते पोस्टरवर छापतो आणि आरी-रापी घेऊन बसलेल्या माणसाला ओलांडून सभेला जातो.

एक जण म्हणाला, त्याच्याकडनं बूट करून घेणं म्हंजे त्याला जातधंद्यात डांबणं. चूक. त्याला डांबतंय ते त्याच्या हाताचं फुकट मोल. पूर्ण दाम मिळाला तर त्याच्या पोरीला शाळेची फी भरता येईल आणि मग ती बूट करेल नाहीतर खटले चालवेल, तिची मर्जी. आणि उद्या तुमच्या घरातल्या पोरानं फरमा हातात घेतला तर रडू नका.

बूट करून घ्यायचा तर संध्याकाळी जा, पाय तेव्हा सुजलेला असतो. दोन्ही पाय कागदावर काढून घ्यायला सांगा, दोन पाय सारखे नसतात. चवडा आणि पायाचा उंचवटा टेपनं मोजतो का बघा. सोल वेल्टवर शिवलेला हवा, नुसता चिकटवलेला नको. शिवलेला झिजला की उसवून नवा बसतो, चिकटवलेला उकिरड्यावर जातो. कोट ज्यानं शिवला तो कारागीर दुकानाच्या पोटमाळ्यावर नगावर राबतो, मास्तरला विचारा त्याला किती देतो. बूट ज्यानं केला त्याचं नाव विचारा, आतल्या कातड्यावर लिहायला सांगा. किंमत सांगेल ती द्या. आणि पाय त्याच्या मांडीवर ठेवताना संकोच वाटला तर त्याला आधी चहा पाजा.

कोटाला दोन ट्रायल धरून महिना-दीड महिना लागतो. बुटाला स्वतःचा फरमा करायचा तर त्याहून जास्त. १४ एप्रिलला अंगात पाहिजे असेल तर माप जानेवारीत द्यावं लागेल.